बंद पाठीचा हेडफोन : चैन की गरज?

"पस्तीस हजार? आणि तेही कानाला लावायच्या वस्तूचे?"

माझा आवाज अंमळ चढलाच. गणपतीसाठी चिरंजीव पुण्याहून आले होते आणि बॅगेतून त्यांनी पोळ्यांच्या डब्याएवढी एक काळी पेटी काढून माझ्यापुढे ठेवली होती. आत हेडफोन! पहिल्या बोनसमधून घेतलेला. पस्तीस हजारांत आमचा कुरकुरणारा फ्रीज बदलून झाला असता, वर मिक्सरही आला असता. मी हे बोलून दाखवणार, एवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, तू रागव, पण आधी पाच मिनिटं ऐक. मग रागव."

मैत्रिणींनो, ती पाच मिनिटं ऐकून आता आठ महिने होत आले. ह्या आठ महिन्यांत मी रागावले, भुलले, एकदा चांगलीच घाबरले आणि शेवटी वहीत हिशेब मांडून थोडी शहाणी झाले. तुमच्याही घरी आज ना उद्या मुलगा, जावई किंवा 'हे' अशी एखादी पेटी घेऊन येतील. कुणी सांगावं, तुम्हालाच ती घ्यावीशी वाटेल! म्हणून सगळं जसं घडलं तसं सांगते.

माजघरातला आवाज

लग्नापूर्वी मी गाणं शिकत होते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत मध्यमा पूर्णपर्यंत पोचले. विशारद व्हायचं राहिलं ते राहिलंच. का राहिलं, हे तुम्हाला सांगायला नकोच. परीक्षेच्या आधी, १९८५ साली, वडिलांनी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि साताऱ्याच्या आमच्या माजघरात माझा यमन एका कॅसेटवर भरून घेतला. ती कॅसेट माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली पडून होती. चिरंजीवांनी ती गुपचूप नेली, संगणकावर उतरवून घेतली आणि आता तीच मला ऐकवत होते.

कानांवर दोन मऊ वाट्या बसल्या आणि घर बंद झालं. म्हणजे अक्षरशः बंद! टीव्हीवरची मालिका, खालच्या रस्त्यावरचा ढोल, सगळं दूर गेलं. आधी टेपची खरखर आली आणि मग तानपुरा. हा तानपुरा मी नंतर त्याच मुलाच्या फोनवर, टीव्हीच्या स्पीकरवर ऐकला आहे. तिथे तो नुसता 'टिंगटिंग' करतो. इथे खर्जाची तार छेडली की तिचा आवाज पोटातून आल्यासारखा उठायचा, आणि तो विरायच्या आत जोडीच्या तारा त्यावर अलगद येऊन बसायच्या. चारही तारा वेगवेगळ्या मोजून दाखवाव्यात इतक्या स्वच्छ.

पण माझे डोळे भरून आले ते दुसऱ्याच आवाजाने. आलापाच्या मधल्या थांब्यात, मागे कुठेतरी, कुणीतरी पितळेचं पातेलं हलक्या हाताने खाली ठेवलं. आणि मग बांगड्या वाजल्या. माझं गाणं मोडू नये म्हणून आई स्वयंपाकघरात जपून वावरत होती. आईला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. तिचा फोटो आहे, पत्रं आहेत, पण तिच्या घरातल्या वावराचा आवाज माझ्याजवळ कुठे होता?

रागवायचं राहून गेलं. पण मी पडले हिशेबी बाई. दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी मुलाला विचारलं, "हे एवढे पैसे नक्की कशाचे, ते मला नीट समजावून सांग." त्याने सांगितलं, मी शंका काढल्या, पुढे वाचलंही. त्यातलं आपल्या उपयोगाचं तेवढं इथे देते.

सपाट पडदा म्हणजे काय?

साध्या हेडफोनच्या आत काय असतं? एक लहानसा पडदा, त्याच्या मागे चिकटवलेली बारीक तारेची गुंडाळी आणि एक लोहचुंबक. गाण्याचा विद्युतप्रवाह गुंडाळीतून गेला की ती चुंबकामुळे पुढेमागे हलते आणि पडद्याला ढकलते. वाळत घातलेली चादर एकाच ठिकाणी हात लावून ढकलली, तर काय होतं? हाताजवळचा भाग पुढे जातो, कडा मागे रेंगाळतात, मध्येच चुण्या पडतात. उत्तम कारागिरीने ह्या चुण्या कमी करता येतात, आणि म्हणूनच साध्या प्रकारातही फार सुरेख हेडफोन मिळतात. पण ढकलणं होतं ते पडद्याच्या एवढ्याशा भागालाच.

'प्लेनर' म्हणजे सपाट पडद्याच्या हेडफोनमध्ये गुंडाळी नसते. केसाहूनही पातळ असा एक पारदर्शक पडदा घेतात आणि त्यावर धातूची नागमोडी रेघ उमटवतात. आपण पाटाभोवती वळणावळणाची रांगोळी काढतो ना, तशी. हा पडदा चुंबकांच्या पट्ट्यांसमोर ताणून बसवतात. कधी एका बाजूला चुंबक, कधी दोन्ही बाजूंना. प्रवाह त्या रांगोळीतून धावला की पडद्याला जवळजवळ सगळीकडे सारखाच धक्का बसतो. म्हणजे चादर हाताने न ढकलता वाऱ्याने सबंध फुगावी, तसं. पडदा हलका असल्याने तो पटकन हलतो आणि पटकन थांबतो. म्हणून तारेवर तार छेडली तरी पहिलीचा आवाज दुसरीत मिसळून चिकट होत नाही.

ही युक्ती काही कालची नव्हे. जपानच्या यामाहा कंपनीने १९७६ सालीच अशा सपाट पडद्याचा 'एचपी-१' नावाचा हेडफोन काढला होता. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे आधुनिक हेडफोनचा जन्मच मुळी स्वयंपाकघरातला! अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थांनी १९१० च्या सुमारास आपल्या घरच्या स्वयंपाकघरात ते बनवून अमेरिकेच्या नौदलाकडे पाठवले आणि नौदलाने त्यांची मागणी नोंदवली. त्या वेळी त्या घरातल्या बाईंनी स्वयंपाक कुठे केला असेल, हा माझा आपला एक बायकी प्रश्न!

बंद पाठ कशाला?

पडदा हलला की आवाज पुढे जातो तसा मागेही जातो. पुढचा आपल्या कानात येतो. मागच्याचं काय करायचं? उघड्या पाठीच्या हेडफोनला मागे जाळी असते. मागचा आवाज खोलीत निघून जातो. गाणं मोकळं, ऐसपैस वाटतं. पण मग तुमचं गाणं शेजारी झोपलेल्याला ऐकू येतं, आणि घरातला गोंगाट तुम्हाला. एका खोलीत चार माणसं राहणाऱ्या घरात त्याचा काय उपयोग?

बंद पाठीच्या हेडफोनला मागे भक्कम वाटी असते. मात्र मागचा आवाज तिथे कोंडला जातो आणि आपटून परत येतो. रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. सपाट पडदा मोठा असतो, तो पाठीमागेही पुढच्याइतकाच आवाज टाकतो. म्हणून प्लेनरची पाठ बंद करणं हे कारागिरांच्या दृष्टीने मोठंच कसबाचं काम. आत आवाज शोषून घेणारं अस्तर कुठे, किती लावायचं, वाटीचा आकार कसा ठेवायचा, ह्यावर सगळं अवलंबून. जपानच्या फॉस्टेक्स कंपनीचा 'टी-५०-आरपी' नावाचा बेताच्या किमतीचा प्लेनर आहे. हौशी मंडळी तो घरी उघडून त्याच्या वाट्यांत चक्क खेळण्यातली माती लिंपत आणि कापूस भरत! अमेरिकेतल्या डॅन क्लार्क ह्यांनी आपला धंदा हाच हेडफोन सुधारून विकण्यापासून सुरू केला. पुढे २०१७ साली त्यांनी स्वतःचा बंद पाठीचा 'इऑन' काढला, सुमारे आठशे डॉलरचा, आणि २०२१ साली 'स्टेल्थ', तो जवळजवळ चार हजार डॉलरचा. माती-कापसाचा केवढा हा प्रवास!

हे सांगण्याचं कारण एवढंच, की 'प्लेनर' असा शिक्का आहे म्हणून आवाज आपोआप चांगला असेल, असं मुळीच नाही. कसुरी मेथी घातली म्हणून भाजी चांगली होतेच असं नाही, त्यातलंच हे. पाठ नीट न बंद केलेला महागडा प्लेनर डब्यात बोलल्यासारखा वाजतो, आणि नीट बनवलेला साधा हेडफोन त्याच्याहून गोड लागतो.

झुमके काढा, अंबाडा सोडा

आता एक खास आपल्यासाठी. ही गोष्ट दुकानातला मुलगा तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याच्या कानात झुमके नसतात.

चांगला बंद पाठीचा प्लेनर खर्जाचे सूर अगदी खालपर्यंत न ढासळता वाजवतो. त्याची खरी श्रीमंती तीच. पण अट अशी, की कानाभोवतीची गादी सगळीकडून घट्ट टेकली पाहिजे. प्रेशर कुकरच्या रबरासारखं आहे हे. कुठे फट राहिली की वाफ गेलीच! माझ्या बाबतीत पहिल्या आठवड्यात हेच झालं. एक दिवस तोच तानपुरा अगदी पोकळ लागायला लागला. मला वाटलं, बिघडवला वाटतं मी पस्तीस हजारांचा जिन्नस! नंतर लक्षात आलं, हळदीकुंकवाहून आल्यावर कानांतले मोठे झुमके तसेच होते. ते काढले आणि खर्ज परत आला. चष्म्याची जाड काडी, कानामागे खोचलेले केस, मानेवरचा अंबाडा ह्या सगळ्यांनी अशीच फट पडते. बारीक काडीचा चष्मा असेल तर फारसं बिघडत नाही.

आणखी एक. ह्या हेडफोनांत चुंबक पुष्कळ असतात, म्हणून वजन असतं. २०२३ साली निघालेला ऑडीझी कंपनीचा 'मॅक्सवेल' हा बिनतारी, बंद पाठीचा प्लेनर ४९० ग्रॅम भरतो, म्हणजे डोक्यावर अर्धा किलो साखरेची पुडीच. ओप्पो कंपनीचा 'पीएम-३' हा २०१५ सालचा प्लेनर ३२० ग्रॅमचा होता. तो बराच हलका म्हणून नावाजला गेला, पण त्या कंपनीने २०१८ साली हा धंदाच आवरता घेतला. आमचा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर घातला, ३३० ग्रॅम भरला. मानदुखीच्या बायकांनी वजनाचा आकडा किमतीच्या आकड्याइतकाच बारकाईने पाहावा.

त्या रात्री

गणपती झाले. परत जाताना मुलगा हेडफोन दिवाळीपर्यंत माझ्याकडेच ठेवून गेला. "तू ऐक. मला ऑफिसच्या गडबडीत वेळ कुठे?" असं म्हणाला. मला काय, तेच हवं होतं. रात्री साडेनऊला ओटा आवरला की मी आतल्या खोलीत खुर्चीत बसायची, डोळे मिटायची आणि ऐकायची. किशोरीताई, भीमसेनजी, हिराबाई. पंचवीस-तीस वर्षं मी गाणं 'ऐकत' होते म्हणजे भाजी चिरताना रेडिओ चालू असायचा, एवढंच. सलग, मांडी घालून, दुसरं काहीही न करता ऐकणं मी विसरूनच गेले होते.

नवरात्राच्या आधीची गोष्ट. असंच ऐकत होते. संपल्यावर हेडफोन काढला आणि पाणी प्यायला बाहेर आले, तर बोळात सासूबाई जमिनीवर बसलेल्या. भिंतीला टेकून, गार फरशीवर. त्या बाथरूमकडे जायला उठल्या होत्या, घेरी आली म्हणून तिथेच बसल्या. मला त्यांनी पाच-सहा हाका मारल्या होत्या. ह्यांना बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे डुलकी लागलेली. मी दहा पावलांवर जागी होते, आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पंधरा मिनिटं तरी त्या तिथे बसून असतील.

लागलं नव्हतं, देवाची कृपा. पण मला हात धरून उठवताना त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तू झोपलीस. म्हणून मग हाका नाही मारल्या." ह्या एका वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो हेडफोन पेटीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. नकोच ही चैन, म्हटलं. बाईच्या कानांना देवाने दार ठेवलं नाही, ते उगीच नव्हे. कुकरची शिट्टी, दूधवाल्याची घंटा, तापातल्या मुलाचं कण्हणं, सासूबाईंची हाक. घराचे कान म्हणजे आपण.

आणि इथे एक शास्त्रीय गोष्टही लक्षात घ्या. बंद पाठीची वाटी बारीक, उंच पट्टीचे आवाज जास्त अडवते आणि घुमणारे जाड आवाज कमी अडवते. म्हणजे रस्त्यावरचा ट्रक थोडाफार ऐकू येतो, पण शिट्टी, घंटा आणि बाईमाणसाची हाक नेमकी अडते! आवाज मारणारं यंत्र असलेले बिनतारी हेडफोन मिळतात, ते वेगळे. ते उलट पंख्याची, विमानाची घरघर मारतात. दोन्हींपैकी काहीही कानावर असताना गॅसवर काही ठेवू नये, हा नियम मी तुम्हाला हात जोडून सांगते.

घराचे कान कुणाचे?

आठवडाभराने 'ह्यांनी' विचारलं, "गाणं बंद का?" मी कारण सांगितलं. हे जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आई माझी आहे. तू ऐकत असताना मी टीव्ही लहान करून बोळाच्या दाराशी बसतो. साडेनऊ ते सव्वादहा."

ऐकायला किती साधं! पण तीस वर्षांच्या संसारात 'तुझ्याऐवजी मी कान देतो' असं आमच्या घरात कधी कुणी म्हणालं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही कधी मागितलं नव्हतं. सासूबाईंच्या उशाशी आम्ही देवघरातली जुनी घंटा ठेवली. पहिले चार दिवस हे पेंगले. पाचव्या दिवसापासून खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसायला लागले. आता मी पेटी काढली की न सांगता खुर्ची सरकवतात.

आणि तेव्हा मला ह्या वस्तूची खरी किंमत कळली. बंद पाठीचा हेडफोन म्हणजे कानाला लावलेलं दार. ते दार पाऊण तास लावून घ्यायचं, तर तेवढा वेळ घराची हाक दुसऱ्या कुणीतरी ऐकली पाहिजे. तसं कुणी नसेल, तर पस्तीस हजारांचा हेडफोनही पेटीतच राहणार, नाहीतर तुम्ही एक वाटी कानावरून सरकवून, अर्धा जीव बाहेर ठेवून ऐकणार. आणि वर सांगितलंच, फट पडली की खर्ज गेला!

पैशांचा हिशेब

दिवाळीला चिरंजीव आपला हेडफोन घेऊन गेले. मग मी काय केलं? लगेच नवा घेतला नाही. भाचीकडे एक साधा, बंद पाठीचा, गुंडाळीवाला हेडफोन पडून होता, तो मागून आणला. तीन महिने तोच वापरला. आईच्या बांगड्या त्यावर ऐकू येतात का, हे मी पहिल्याच रात्री पाहिलं.

प्रामाणिकपणे सांगते : आल्या. कुठे कान द्यायचा हे ठाऊक होतं म्हणून असेल, पण आल्या. म्हणजे त्या रात्री मला जे मिळालं, त्यातला मोठा वाटा प्लेनरचा नव्हताच. तो होता शांततेचा आणि बंद पाठीचा. फरक होता तो तानपुऱ्यात. साध्यावर खर्ज होता, पण थोडा फुगीर, उकडलेल्या बटाट्यासारखा. जोडीच्या तारा एकमेकींत मिसळत. तबल्याच्या डग्ग्याची घुमार ऐकू यायची, पण बोटाचा आघात आणि घुमार वेगळे काढता येत नव्हते. ज्याला गाण्याचा कान आहे त्याला हा फरक पाच मिनिटांत कळतो. ज्याला नाही, त्याला पाच महिन्यांतही जाणवणार नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. त्याचे पैसे वाचले!

किमतींचा आवाका कळावा म्हणून सांगते. सोनी कंपनीचा 'एमडीआर-७५०६' हा साधा, बंद पाठीचा हेडफोन १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंतून वापरला जातो, आणि तो अमेरिकेत साधारण शंभर डॉलरला मिळत आला आहे. 'मॅक्सवेल' निघाला तेव्हा २९९ डॉलरपासून होता, 'पीएम-३' ३९९ डॉलरचा होता. त्याच्या वर आठशे, दोन हजार, चार हजार अशा पायऱ्या आहेत. आपल्याकडे आयातीच्या जकातीमुळे आणि दुकानागणिक भाव बदलतात. शंभरावरून तीनशेवर गेलं की फरक ऐकू येतो. त्याच्या पुढे प्रत्येक पायरीला पैसे दुपटीने वाढतात आणि आवाज चिमटीभर. पैठणीच्या बाबतीत आपल्याला हे पक्कं माहीत असतं, इथेही तसंच आहे.

तीन महिने आमचा पाऊण तास टिकला. फेब्रुवारीत पोस्टातली माझी आवर्ती ठेव मुदत भरून हाती आली. तेव्हा मी वहीत लिहिलं : पस्तीस हजार भागिले तीन वर्षांच्या रात्री, म्हणजे १०९५. रात्रीला बत्तीस रुपये. एका माणसाच्या चहा-भज्यांचे. आणि मग मी प्लेनर घेतला, स्वतःच्या पैशांनी. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण माझ्या डोक्याच्या मापाला जो बसला तो तुमच्या बसेलच असं नाही. पण साधाच ठेवला असता तरी मला वाईट वाटलं नसतं, हेही तितकंच खरं.

घेण्यापूर्वी एवढं पाहा

१. आधी वेळ ठरवा, मग वस्तू. साध्या हेडफोनवर तीन महिने रोजची अर्धा-पाऊण तासाची बैठक टिकली, तरच महाग वस्तूचा विचार करा.

२. दुकानात आपल्या पाठ असलेलं एखादं गाणं घेऊन जा. दोन हेडफोन ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. जो मोठ्याने वाजतो तो नेहमीच चांगला वाटतो, ही दुकानदारीतली जुनी गंमत आहे.

३. कानांतलं काढून, नेहमीचा चष्मा घालून, वीस मिनिटं तरी लावून बसा. डोक्याच्या मध्यावर दुखायला लागलं तर तो घेऊ नका.

४. फोनवर चालतो का, हे विचारा. काही प्लेनर भारी ताकद खातात, त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर लागतो आणि पाच-दहा हजार वर जातात. हल्लीच्या पुष्कळ फोनांना हेडफोनची वायर खुपसायला जागा नसते, मधला छोटा जोड घ्यावा लागतो.

५. कानाच्या गाद्या सुट्या मिळतात का आणि केवढ्याला, हे आजच विचारून ठेवा. दोन-तीन वर्षांत त्या बदलाव्या लागतात.

निगा अशी राखा

केसांना तेल लावलेल्या दिवशी हेडफोन लावू नका. तेलाने आणि घामाने गाद्यांचं कातडं फुगतं आणि पापुद्रे सुटतात. वापरून झाला की मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. औषधांच्या बाटल्यांत, चपलांच्या खोक्यांत त्या येतात, फेकू नका. टाचण्या, आकडे, सेफ्टीपिना ह्यांच्याजवळ ठेवू नका. चुंबक त्यांना ओढून घेतो, आणि लोखंडाचा बारीक कण आत गेला तर पडद्यावर वाजत राहतो.

घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर विशेष जपा. चुंबकामुळे त्याच्या कामात व्यत्यय येऊ शकतो. हेडफोन गळ्यात लटकवणं, छातीवर ठेवून झोपणं नको. निदान १५ सेंटिमीटर अंतर ठेवावं आणि डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आणि कान! जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. तोच ९० डेसिबलवर नेला की फक्त ४ तास. बंद पाठीचा एक मोठा फायदा हा, की बाहेरचा गोंगाट कमी झाल्याने आवाज लहान ठेवूनही ऐकता येतं. फोनवर निम्म्याच्या थोडंच वर, साठ टक्क्यांपर्यंत ठेवावं. मुलांना हे दटावून सांगा. गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही, हे सासूबाईंकडे पाहून मी रोज अनुभवते.

त्यांचंच सांगून संपवते. परवा रात्री त्यांनी विचारलं, "एवढं काय गं ऐकतेस त्यात?" मी हळूच त्यांच्या कानांतल्या कुड्या काढल्या आणि वाट्या बसवल्या. त्यांना कमी ऐकू येतं, कुणास ठाऊक काय पोचलं असेल. पण बराच वेळ त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मी जवळच जमिनीवर बसून राहिले. कुकर, दार, फोन, सगळीकडे कान देऊन. पाऊण तास माझा असतो, पंधरा मिनिटं त्यांची. तेवढ्यापुरती त्यांच्या घराचे कान मी.